उस्तादांचं स्टिअरिंग

अप्पांचा ट्रॅक्टर सरळ चालवू शकेल असा माणूस आमच्या वसाहतीत एकच होता, आणि तो म्हणजे खुद्द अप्पा. यात ट्रॅक्टरचं काही कौतुक नव्हतं. त्याच्या स्टिअरिंगला इतका प्ले होता की चाक पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलायची नाहीत, आणि मग झोपेतून उठवल्यासारखी एकदम वळायची. अप्पांचे हात त्याला सरावले होते. वळण यायच्या बरंच आधी ते चाक फिरवायला घ्यायचे आणि गाडी वळते न वळते तोच उलटं आणायचे. सरळ जातानाही हात सारखे डावीकडे-उजवीकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस सीटवर बसून पीठ चाळतोय. पण गवतावर मागे उमटणारा पट्टा बघावा, तर फूटपट्टीनं आखलेला.

"स्वभाव आहे तिचा," अप्पा म्हणायचे. "प्रत्येक गाडीला असतो."

अप्पांनी उभी हयात बस चालवली. निवृत्त झाल्यावर कुठूनसा हा गवत कापायचा जुना छोटा ट्रॅक्टर घेऊन आले आणि वसाहतीच्या मधलं मैदान कुणी न सांगता अंगावर घेतलं. तेव्हापासून सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. लोकांच्या तोंडून उस्ताद ऐकलं की अप्पा ऐकलंच नाही असं दाखवायचे, आणि मान मात्र थोडी ताठ व्हायची.

मी मेकॅनिक आहे. मैदानाच्या कडेला पंपाची जुनी शेड आहे, तिथं माझं वर्कशॉप. शेड वसाहतीची, कमिटीनं वापरायला दिली तीसुद्धा उस्तादांची मुलगी म्हणून. स्कूटर, पाण्याचे पंप, शिलाई मशीन, जे येईल ते मी खोलते आणि चालू करून परत देते. आणि माझ्याच दारावरून माझ्या बापाची गाडी पीठ चाळत जायची! गिऱ्हाईक हसून म्हणायचं, "जरा वडिलांच्या गाडीकडेही बघा की." मी हसण्यावारी न्यायचे आणि आतून माझा तिळपापड व्हायचा.

"अप्पा, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"हात लावायचा नाही."

"निदान ग्रीस तरी भरू द्या."

"भरलंय."

विषय संपला. हट्ट, दुसरं काय, असं मी धरून चालले होते. शिवाय दुसऱ्या कुणाला ती गाडी जमत नाही, याचा त्यांना थोडा तोराही होता, असं मला वाटायचं. तो मला कळत होता, कारण तसला तोरा माझ्याकडेही आहे.

मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून आई आणि अप्पा तिच्याकडे राहायला गेले, आणि मी डाव साधला.

गाडीचं नाक जॅकवर उचललं, खाली लाकडी ठोकळे सारले आणि पाठीवर पडून आत सरकले. काम समजायला सोपं आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान गिअर असतो. तो पंख्याच्या आकाराच्या एका दातेरी पट्टीत अडकलेला असतो. ती पट्टी सळयांना ओढते आणि सळया चाकांना. पट्टीचे कडेचे दात कोरे करकरीत होते. मधल्यांची नुसती टेंगळं उरली होती, कारण सरळ जाताना सगळा भार मधल्यांवरच. दांडा ज्या कड्यात फिरतो तो बुश गोल असायला हवा, तो झिजून अंड्याच्या आकाराचा झाला होता. सळयांच्या टोकांचे सांधे हातानं हलवले तरी खुळखुळत होते.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. यंत्र म्हटलं की झीज आलीच. पण मग मी निपलांपाशी, म्हणजे ग्रीस भरायच्या बारक्या तोंडांपाशी आले. त्यांच्यावर मातीचा थर दगडासारखा बसला होता. खिळ्यानं खरवडून काढला, ग्रीसगन लावली, तर आधी आत काही जाईचना. जोर केल्यावर दुसऱ्या बाजूनं काळा भुगा बाहेर आला. त्या गाडीला कित्येक वर्षांत कुणी ग्रीसचं बोटही लावलं नव्हतं.

मला राग आला, आणि रागाच्या खाली लाज वाटली. डेपोत नवे ड्रायव्हर अप्पांना टरकून असायचे. गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ती फाटकाबाहेर काढलेली त्यांना खपायची नाही. तोच माणूस घरच्या गाडीला कोरडी ठण्ण ठेवतो आणि वर मला सांगतो, भरलंय. बापाचं खोटं पकडल्यावर विजय मिळाल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काहीच वाटलं नाही. मी भुगा पुसला आणि कामाला लागले.

भंगारवाल्याकडे तसल्याच दुसऱ्या ट्रॅक्टरची पट्टी मिळाली, सगळे दात शाबूत असलेली. लहान गिअर आणि सांधे नवे आणले. बुश लेथवाल्याकडून कातून घेतला. गिअर पट्टीत नीट धरेल पण आवळून बसणार नाही, इतपतच नट कसला. पुढच्या चाकांची तोंडं दोरी लावून जुळवली. प्रत्येक नटाला नवी पिन घातली. सगळ्या निपलांमधून ताजं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत गन दाबली. मग मैदानात एक चक्कर मारली, एका बोटानं. गाडी अशी वळत होती की मला एकटीलाच हसू फुटलं.

आता माझा शहाणपणा ऐका. अप्पांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. सांगणं म्हणजे तुम्ही केलं नाहीत म्हणून मी केलं, असं तोंडावर म्हणणं. त्यापेक्षा ते सीटवर बसतील, चाक फिरवतील, थबकतील, आणि माझ्याकडे वळून विचारतील, "कुणी केलं गं?" मी म्हणणार होते, "केलं असेल कुणीतरी." हे वाक्य मी दोन-तीन सुरांत म्हणूनही बघितलं होतं. आणि त्यांना आधीच कळू नये म्हणून मी काय केलं, तर नव्या सळयांवर, नटांच्या तोंडांवर, जिथं जिथं चकाकी दिसत होती तिथं तिथं जुनी माती आणि काळं ग्रीस बोटांनी फासलं. आपलंच चांगलं काम चिखलानं लिंपून ठेवणारी मेकॅनिक जगात मी एकटीच असेन.

ते परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मैदानात बरीच माणसं होती. झाडाखालच्या बाकावर बाई मटार सोलत बसल्या होत्या. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई, आता निवृत्त. निम्म्या वसाहतीला त्यांनीच मुळाक्षरं शिकवली. त्यांची काठी बाकाला टेकवलेली होती. मी शेडच्या दारात हात पुसत उभी होते, कौतुक ऐकायला.

अप्पांनी गाडी सुरू केली, पातं सोडलं आणि निघाले. निघाल्या निघाल्या गाडी नागमोडी जायला लागली. मला वाटलं, गंमत करतायत. बाकापाशी आल्यावर ते रोज वळायचे, तसे वळायला गेले, आणि गाडी गिरकी घेतल्यासारखी थेट बाकावर गेली. कुणीतरी ओरडलं. गाडी पलीकडे फेकल्यासारखी झाली, पुन्हा अलीकडे आली आणि थांबली. तोवर बाकाचा एक पाय मोडला होता, बाई गवतात पडल्या होत्या, मटार सगळीकडे झाले होते, आणि काठी पात्याखाली गेली होती. त्या काठीचे तुकडे होतानाचा आवाज मी ऐकला. तो आवाज काठीचाच आहे हे कळायला जो एक क्षण गेला, तो कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

बाईंचं मनगट मोडलं. बाकी त्या शाबूत होत्या.

वसाहतीचे सेक्रेटरी धावत आले. ते मुळात वाईट गृहस्थ नाहीत, पण संधी मिळाली की भाषण करतात. "उस्ताद, आता पुरे," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "वय झालं तुमचं. हातात कंट्रोल राहिला नाही. नशीब म्हणा, काठीवर निभावलं."

अप्पा सीटवर बसून होते. चेहरा राखेसारखा. त्यांच्याकडे मला बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वयाचं काही नाही! स्टिअरिंग मी खोललं होतं, अप्पा गावाला गेलेले असताना."

सगळे माझ्याकडे वळले. अप्पांनी चाक किंचित डावीकडे हलवलं, किंचित उजवीकडे. पुढची चाकं हलताना बघितली. मग माझ्याकडे बघितलं. काय करून ठेवलंस हे, असंच त्या नजरेत मी वाचलं.

"म्हणजे तू बिघडवून ठेवलंस," सेक्रेटरी म्हणाले. "आणि सांगितलंही नाहीस?"

मी अप्पांकडे बघत राहिले. एक शब्द त्यांनी बोलावा. हवं तर मला शिवी द्यावी. त्यांनी किल्ली काढली, सेक्रेटरींच्या हातावर ठेवली आणि तोंड मिटून घेतलं. मी बाईंना रिक्षात घालायला गेले, तेवढ्यात ते घरी निघून गेले होते.

त्यानंतर मी ती गाडी पुन्हा सगळी तपासली. नट जिथल्या तिथं. पिना जागेवर. गिअर, पट्टी, बुश, कशालाही काही झालेलं नव्हतं. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, निदान ती माझी आहे असं म्हणून मोकळी झाले असते. सापडत नाही म्हणजे मला कळत नाही, आणि कळत नाही तर मी इतकी वर्षं लोकांच्या ब्रेकना हात कुठल्या हिमतीनं लावतेय? मला आवळलेला नट पुन्हा सोडून पुन्हा आवळायची सवय लागली. एका पंपाचा तर आटाच मी घालवून बसले.

शेजारच्या सिस्टर त्यांची स्कूटर घेऊन गेल्या. दवाखान्यात शिफ्ट असते, घाई आहे, म्हणून दुसरीकडे टाकते, म्हणाल्या. बोलताना त्या स्कूटरच्या आरशात बघत होत्या. मग आणखी एकदोघे आले आणि आपापल्या वस्तू न उघडता घेऊन गेले. मी त्यांना दोष देणार तरी कुठल्या तोंडानं? बाईंकडे सूप घेऊन गेले, तर त्यांनी प्लॅस्टरमधला हात दाखवून म्हटलं, "बरं झालं, आता कुणी वह्या तपासायला आणणार नाही." त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं. मी सूप ओट्यावर ठेवलं आणि पळून आले.

घरी अप्पा खाली मान घालून जेवायचे आणि खिडकीपाशी जाऊन बसायचे. माझ्याशी बोलत नव्हते. कुणाशीच बोलत नव्हते.

"एवढे रागावलेत?" मी आईला विचारलं.

"रागावले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं," आई म्हणाली. "हे काहीतरी वेगळं आहे. तूच विचार." पण तिनं माझ्याकडे न बघता भांडी आवरायला घेतली, आणि मी काही विचारलं नाही.

मग कमिटीनं मैदानातच बैठक बोलावली. कशाबद्दल, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रॅक्टर मोडक्या बाकाच्या शेजारी तसाच उभा होता. खुर्च्या मांडल्या होत्या. बाई गळ्यात हात अडकवून पुढच्या खुर्चीत होत्या.

सेक्रेटरींनी सुरुवातीलाच सांगितलं की माझ्यावर कुणाचा राग नाही. असं सुरू झालं की पुढं काय येणार, ते कळतंच. "पण उद्या कुणाचा ब्रेक गेला, तर शेड वसाहतीची आहे. बोट वसाहतीकडे दाखवलं जाईल. तेव्हा शेड रिकामी करावी, असं सगळ्यांचं मत पडलंय. तुझं काही म्हणणं?"

माझं काय म्हणणं असणार? ती शेड गेली तर माझा धंदा गेला, आणि उस्तादांच्या मुलीनं वसाहतीतल्या बाईंना पाडलं एवढं एकच माझ्याबद्दल उरणार होतं. तरी मी मान हलवायच्या बेतात होते. मला खरंच वाटत होतं की त्यांचं बरोबर आहे.

तेवढ्यात अप्पा आले. घरातल्याच कपड्यांत, पायात सपाता. मागून आई.

"किल्ली," त्यांनी सेक्रेटरींपुढं हात केला.

"उस्ताद, आता कशाला पुन्हा..."

"गाडी माझी आहे. किल्ली द्या."

किल्ली घेऊन ते माझ्याकडे वळले. "पात्याचा पट्टा काढ." इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी गवतात पडून पट्टा काढला. आता पातं फिरणार नव्हतं. अप्पांनी स्वतः वाकून बघितलं नाही, मला नुसतं विचारलं, "निघाला?" मी हो म्हटलं.

मग ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही चालवाल का?"

एकच गलका झाला. सेक्रेटरी उठून उभे राहिले. बाईंनी त्यांना बसायची खूण केली, आणि ते मुकाट बसले. त्यांनाही मुळाक्षरं बाईंनीच शिकवली होती.

"मी? या असल्या हातानं?"

"दुसऱ्या हातानं. एक पुरे. पाय दाबला की चालते, उचलला की थांबते."

"वर्गभर कार्टी हाकली मी," बाई म्हणाल्या. "ही त्यांच्यापेक्षा काय द्वाड असणार?"

सिस्टरांनी त्यांना आधार देऊन सीटवर बसवलं. अप्पांनी सगळ्यात सावकाशीचा गिअर टाकला. बाईंनी आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. त्या एका हातानं चाक धरून, ओठ मुडपून, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या. गवतात उमटलेला चाकांचा माग सरळ होता. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी एक फेरी मारू?" पण हसायची कुणाची तयारी नव्हती.

"मग त्या दिवशी काय झालं?" सेक्रेटरी म्हणाले.

अप्पा सीटवर चढले. चढायला त्यांना वेळ लागला. गाडी निघाली, आणि पहिल्याच क्षणी डावीकडे गेली. मग उजवीकडे. अप्पांचे हात पीठ चाळत होते आणि गाडी त्यांचं प्रत्येक चाळणं ऐकत होती. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मी अप्पांचा जबडा बघत होते. ते नाटक करत नव्हते. सरळ चालवायचा जिवापाड प्रयत्न करत होते, आणि त्यांना जमत नव्हतं. ज्या माणसानं कधी बसवर एक ओरखडा येऊ दिला नाही, तो सगळ्या वसाहतीसमोर, दिवसाढवळ्या, एका मोकळ्या मैदानात पिऊन आल्यासारखा झोकांड्या खात होता. मी जमिनीकडे बघायला लागले.

ते वळून आमच्यासमोर थांबले आणि गाडी बंद केली.

"बघितलंत? गाडी ठणठणीत आहे. हिनं केलेलं काम चोख आहे." त्यांनी दोन्ही हात वर केले. "बिघाड इथं आहे. मोडक्या स्टिअरिंगची सवय लागली यांना. आता नीट गाडी चालवता येत नाही. त्या दिवशी गाडी थांबल्यावर सीटवर बसल्याबसल्याच मला कळलं होतं. ठपका हिच्यावर जातोय, तेही दिसत होतं. मी गप्प बसलो."

इथं माझं काम झालं होतं. माझं नाव धुऊन निघालं होतं, तेही उस्तादांच्या तोंडून. मी तोंड मिटून उभी राहिले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. पण सुटल्याचा आनंद व्हायच्या आधी मला संताप आला. इतके दिवस मी स्वतःला खात होते आणि हे खिडकीत बसून होते!

"का पण?" मी ओरडलेच. "का गप्प बसलात? आणि मोडकं तरी का ठेवलंत इतकी वर्षं? निपलांचे दगड झाले होते, अप्पा! मी विचारलं की भरलंय, भरलंय. का खोटं बोललात माझ्याशी?"

"अगं," आई म्हणाली. "राहू दे." तिनं माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

अप्पा चाकाकडे बघत होते.

"खाली बसलं की मला उठता येत नाही," ते म्हणाले.

त्यांनी शेडकडे बोट केलं.

"एकदा गेलो होतो खाली, ग्रीसगन घेऊन. तिथंच, शेडच्या मागं. उठायला गेलो तर पाय येईनात. कशाला धरूनही येईनात. तुझी आई बाजारात गेली होती. ती येईपर्यंत तसाच पडून होतो." मग ते म्हणाले, "ती आली तेव्हा कपडे ओले झाले होते माझे. तेव्हापासून नाही गेलो."

इथं तरी मी थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली की माझ्या हातात राहत नाही.

"आणि मी कुठं होते?"

"शेडमध्ये. तुझा रेडिओ चालू होता. मधूनमधून तू गातही होतीस."

शेडची मागची भिंत पत्र्याची आहे. पलीकडे कुणी खोकलं तरी मला आत ऐकू येतं.

"मग हाक का नाही मारलीत?"

"तू आली असतीस ना," अप्पा म्हणाले.

बाईंनी डोळे मिटून घेतले. सेक्रेटरींनी घसा साफ केला, पण भाषण काही निघालं नाही. "शेडचं आहे तसंच राहू दे मग," ते खुर्चीला म्हणाल्यासारखे म्हणाले आणि ती खुर्ची स्वतःच उचलून निघाले. लोक भराभर पांगले. जाताना सिस्टर माझ्याजवळ थांबल्या. "स्कूटर उद्या आणते हं."

"आणा," मी म्हटलं. सवयीनं म्हटलं, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच मला स्वतःची किळस आली. माझी शेड मला परत मिळाली होती, ती कशाच्या बदल्यात ते सगळ्यांनी बघितलं होतं, आणि मी "आणा" म्हणत होते. मी अप्पांना सगळ्यांदेखत विचारलं नसतं, तर त्यांचं ते झाकलेलंच राहिलं असतं. शेड गेली असती तर मी दुसरीकडे कुठंतरी छप्पर शोधलं असतं.

आई बाईंना घरी पोचवायला गेली. मैदानात आम्ही दोघंच राहिलो. अप्पा अजून सीटवरच होते.

"चला घरी," मी म्हटलं.

"तू हो पुढं."

मी पुढं झाले नाही. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचे दोन्ही हात चाकाच्या कडेवर घट्ट आवळलेले आहेत आणि एक पाय खाली यायला बघतोय, पण येत नाही. मी बघितलं हे त्यांना कळू नये म्हणून मी चटकन पाठ केली आणि शेडकडे बघत उभी राहिले. आमच्या घरात एकमेकांना जपायची हीच रीत आहे. मागून सीटची स्प्रिंग करकरली, थांबली, पुन्हा करकरली. अप्पांचा श्वास मला ऐकू येत होता.

"पाठ फिरवू नकोस," ते म्हणाले. "ये इकडं. धर मला."

मी गेले. त्यांनी एक हात चाकावरून काढून माझ्या खांद्यावर टाकला, मग दुसरा. एक पाय खाली आला. दुसरा बराच वेळ आला नाही, आणि तेवढा सगळा वेळ आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.